नईमाला जेवायला बोलवा

त्या दिवशी यूनुस मुकादमांनी गाडीतला रेडिओ बंद केला. त्यांच्या हातून घडलं ते एवढंच. पुढचं सगळं आपोआप होत गेलं, असं ते अजूनही छातीवर हात ठेवून सांगतात.

दुबईतल्या ऊद मेथाच्या शाळेतून अकरावीतली लेक अलिशा आणि तिची मैत्रीण इनाया यांना घेऊन ते अल कुसैसला घरी निघाले होते. ट्रॅफिक तुंबलेला. रेडिओ बंद, त्यामुळे मागच्या सीटवरचं बोलणं ऐकू यायला लागलं. (त्यांना ऐकायचं नव्हतं, पण कानांना काही काच वर करायचं बटण नसतं.)

"नाएमी फेंटेड अगेन," अलिशा सांगत होती. "काझुईसाठी दिवसभर उन्हात उभी. अँड ही डझन्ट ईव्हन नो हर नेम!"

"सो सॅड," इनाया म्हणाली. "आणि जेवते काय?"

"कप नूडल्स. एकटीच राहते ना."

यूनुसभाईंच्या कानात जे शिरलं ते असं : नईमा नावाची कुणी मुलगी काझींच्या मुलापायी उन्हात चक्कर येऊन पडली आणि त्या नालायकाला तिचं नावही ठाऊक नाही!

इनायाला तिच्या दारात सोडल्यावर त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ही मुलगी हायस्कूलात आहे?"

"येस, अब्बा."

"आईवडील कुठे असतात तिचे?"

"नो आयडिया. आजपर्यंत कुणी पाहिलेच नाहीत."

"आणि तू काही मदत नाही करत तिला?"

अलिशाने फोनमधून मान वर केली. "मी काय करणार? आय जस्ट वॉच."

पोटची पोर म्हणते, मी नुसती बघते! त्या क्षणी त्यांनी ठरवलं, बघत बसायचं नाही.

घरी आल्यावर त्यांनी स्वयंपाकघराचं दार लोटून बायकोला, अन्वरीला सगळं सांगितलं. अन्वरीने काझीचं ऐकलं, उन्हाचं ऐकलं. पण ती अडकली भलतीकडेच.

"रोज नूडल्स? वाढत्या वयाची पोर!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर नईमाला जेवायला बोलवा. मी मटण आणि वडे करते. आणि त्या काझींनाही बोलवा. काय ते समोरासमोर होऊ दे."

यूनुसभाईंच्या ओळखीत काझी एकच : समोरच्या बिल्डिंगमधला, एसीच्या स्पेअर पार्टचं दुकान चालवणारा रत्नागिरीचा रिझवान. त्याचा अर्श बारावीत. म्हणजे तोच!

"रिझवान," त्यांनी फोनवर गंभीर आवाजात सांगितलं, "तुझ्या अर्शसाठी एक मुलगी चक्कर येऊन पडली."

"माझ्या अर्शसाठी?" पलीकडच्या आवाजात संताप होता आणि, खोटं कशाला बोला, थोडा अभिमानही होता. "शुक्रवारी कान धरून आणतो त्याला!"

नईमाला आणायचं काम अन्वरीने लेकीवर सोपवलं. दारातून ओरडून सांगितलं, "शुक्रवारी नईमाला घेऊन ये गं!" कानांत इअरफोन घातलेली अलिशा नेहमीप्रमाणे "ओके, अम्मी" म्हणाली.

शुक्रवारी टेबल भरलं. रिझवानने पोराला खरोखर दंडाला धरून आणलं. सहा फुटी अर्श कोकरासारखा सोफ्याच्या कडेला बसला.

"माफी माग," रिझवान म्हणाला.

"कुणाची, पप्पा?"

"नईमाची!"

"हू इज नईमा?"

"बघा! नावसुद्धा माहीत नाही!" यूनुसभाई विजयाने ओरडले.

आरडाओरडा ऐकून अलिशा खोलीतून बाहेर आली. एकटीच.

"नईमा कुठाय?" अन्वरीने विचारलं.

"कोण नईमा?"

"ती गं, काझीसाठी उन्हात उभी राहणारी!"

अलिशाने अब्बांकडे पाहिलं, मग अर्शकडे, मग मटणाच्या पातेल्याकडे. तिचा चेहरा लालबुंद झाला. "अब्बा... नाएमी. काझुई. इट्स ॲन ॲनिमे! कार्टून!"

अलिशा आता रडणार, खोलीत जाऊन दार आपटणार आणि लग्न होईपर्यंत आपल्याशी बोलणार नाही, हे यूनुसभाईंना स्पष्ट दिसलं. तेवढ्यात सोफ्याच्या कडेवरून आवाज आला.

"वेट. तूही नाएमी बघतेस?" अर्शने विचारलं. "एपिसोड नाईनला मी लिटरली रडलो."

"हा रडतो?" रिझवान चाट पडला. "काय आहे तरी काय त्यात? लाव बघू."

मटण गरम होतं म्हणून ताटं घेऊनच सगळे टीव्हीपुढे बसले. अलिशा अर्थ सांगत होती. नाएमी शाळेत जाणारी साधी मुलगी. काझुई तिचा लाडका गायक. पण तोही खरा नाही, एका कंपनीने कॉम्प्युटरवर तयार केलेला.

"थांब," यूनुसभाई म्हणाले. "म्हणजे जी मुलगीच नाही, ती, जो मुलगाच नाही, त्याच्यासाठी उपाशी?"

"येस, अब्बा."

नवव्या भागात कंपनीने काझुई बंद केला. चाहते दुसऱ्या गायकाकडे गेले. ठरलेल्या कार्यक्रमाच्या दिवशी नाएमी एकटीच रिकाम्या हॉलमध्ये आली. शाळेच्या गणवेशात, हातात छोटासा दिवा. स्टेजवर कुणी नव्हतं. मग काझुईचं गाणं तिनेच म्हणायला सुरुवात केली. आवाज फुटत होता, सूर चुकत होता, पण शेवटच्या ओळीपर्यंत थांबली नाही.

रिझवानने वड्याचा घास हातातच धरला होता. अन्वरी पदराने डोळे पुसत होती.

"शी डझन्ट वॉन्ट एनीथिंग बॅक," अलिशा हळूच म्हणाली. "म्हणून आवडते मला."

यूनुसभाई लेकीकडे बघतच राहिले. पोरगी फोनमध्ये डोकं घालून काय करते, हे त्यांना आज कळत होतं. काहीतरी चांगलंच बघत होती की!

"माशाल्ला," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मुलगी आहे खरी! पुढचा लाव."

ही गोष्ट उन्हाळ्याच्या आधीची. आता नवा सीझन चालू आहे. परवा अलिशा केमिस्ट्रीचं पुस्तक छातीशी धरून हॉलमध्ये आली. समोर यूनुसभाई, मांडीवर टिश्यूचा डबा, डोळे स्क्रीनला चिकटलेले.

"अब्बा, व्हॉल्यूम प्लीज! उद्या टेस्ट आहे माझी. किती बघता?"

"शू! काझुई परत येतोय!"

अलिशाने हताश होऊन आईकडे पाहिलं. अन्वरीने कांदा चिरता चिरता लेकीची समजूत काढली, "जाऊ दे, बाळा. ओरडू नकोस त्यांना. या वयात होतं असं."