घाडीकाकांचा जोडीचा फोटो

आमच्या विद्यापीठाच्या आस्थापना विभागात घाडीकाकांच्या टेबलाचा खालचा खण उघडला, तर त्यात एकही फाइल सापडत नसे. सापडे टिकल्यांचं पाकीट, पावडरचा डबा, दोन कंगवे आणि कुणाच्याही गळ्यात खपेल असा एक तपकिरी टाय. हे सगळं पेन्शनचं सामान. निवृत्त होणाऱ्याच्या कागदांना नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो, आणि काकांच्या मते निम्म्या जोडप्यांनी लग्नानंतर तसा फोटो काढलेलाच नसतो. म्हणून काका स्वतः जोडप्याला गेटबाहेरच्या स्टुडिओत नेत, वहिनींना टिकली देत आणि नवऱ्याला सरकून बसायला लावत. ज्यांना अख्खा मजला घाबरे अशा एका उपकुलसचिवांना त्यांनी विचारलं होतं, "साहेब, बायकोच्या बाजूक बसलात की चौकशी समितीसमोर?"

पूर्ण नाव दत्ताराम घाडीगावकर. गाव मालवणजवळ, राहणं भांडुपला, हुद्दा हेड क्लार्क. इतर ऑफिसांत हेड क्लार्क रजा अडवायला बसवलेला असतो; आमचे काका ती घ्यायला लावण्यासाठीच जन्मले होते. वैद्यकीय बिलं, प्रवास सवलत, बालसंगोपन रजा, सगळं तोंडपाठ. कुणी संकोचला की वाक्य ठरलेलं, "लाज कसली? नियमात आसा, घे."

माझी बायको गरोदर असल्याचं मी अजून आईलाही सांगितलं नव्हतं, तेव्हा पितृत्व रजेचा अर्ज भरून माझ्या टेबलावर हजर. सहीची जागा तेवढी रिकामी. कसं कळलं विचारलं, तर म्हणाले, आठवडाभर तुझ्या डब्यात तू केलेली भाजी येतेय, घरच्या बाईला फोडणीचा वास सोसत नसणार. आणि भाजीत मीठ जरा बेतानं घाल, असंही सांगून गेले.

मागे एक संशोधक मुलगी आमच्याकडे प्रश्नावली घेऊन आली. विषय, कर्मचारी कल्याण आणि नोकरीतलं समाधान. आम्ही सवयीने 'अत्यंत असमाधानी'वर खुणा करून मोकळे झालो. समाधान लेखी दिलं की काम वाढतं, हे कुणालाही कळतं. काकांनी तिच्या हातातला गठ्ठा मागून घेतला आणि टेबलाटेबलावरून फिरले. शिपाई सुर्व्याला विचारलं, आईचा मोतीबिंदू कुठल्या सवलतीत काढलास? कदमबाईंना विचारलं, लेकीच्या दहावीला घरी कशा राहू शकलात? सगळ्यांनी मुकाट खुणा बदलल्या. त्या पोरीच्या संशोधनाची पार वाट लागली. पण खरं सांगू? बदललेल्या खुणाच खऱ्या होत्या. पगार कुठेही मिळाला असता. आपल्या घरात कोण आजारी आहे हे ठाऊक असलेलं ऑफिस मला दुसरीकडे मिळालं नसतं.

काकांच्या हातची पेन्शनची फाइल वरून कधी परत आली नाही. तिच्यावर कधी साधा शेराही पडला नाही, आणि याचा त्यांना भारी अभिमान. या वर्षी ते स्वतः निवृत्त होणार होते, आणि त्यांची फाइल तपासायला माझ्याकडे आली. फोटोच्या चौकटीत त्यांच्या लग्नातला फोटो होता, कातरून मापात बसवलेला. काकांच्या कपाळावर मुंडावळ्या, शेजारी काकी, फ्लॅशने डोळे मिटलेल्या.

काकी मागच्या दिवाळीआधीच वारल्या होत्या. जोडीदार हयात नसेल तर एकट्याचा फोटो, आणि तोही अलीकडचा, हे आम्हाला काकांनीच शिकवलेलं. ही फाइल अशीच वर गेली असती, तर शेरा मारून परत आली असती. पेन्शन रखडली असती आणि जन्मभर राखलेलं नाव जाता जाता गेलं असतं. मला कळत होतं, म्हणजे काकांना माझ्याआधी कळलेलं असणार.

मी फाइल घेऊन त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. फोटोचं पान उघडून समोर धरलं.

"माका म्हायत आसा रे," काका म्हणाले. "म्हटलंय, बघूया फाइल अशीच जाता काय."

मग खाली बघत सांगत राहिले. काकी दरवर्षी म्हणायच्या, लोकांच्या बायकांना फोटोला नेता, मला कधी नेणार? आणि हे म्हणायचे, निवृत्तीला नेतो, तेव्हा नियमातच आहे. मला फार वाईट वाटलं. एवढी एकच सवलत या माणसाने नियमाची वाट बघत लांबवली होती.

दुपारी मीच त्यांना स्टुडिओत घेऊन गेलो. खणातला कंगवा घेतला, तपकिरी टाय बांधला. काका बाकावर बसले ते अगदी एका टोकाला. फोटोग्राफर म्हणाला, काका, मधे या. काका हलले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला नियम विचारला, "असो चलात मा?"

असा चालतो की नाही, मला काहीही ठाऊक नव्हतं.

"लाज कसली, काका?" मी म्हणालो. "नियमात आसा."

फोटोत अर्ध्या चौकटीत काका आहेत आणि उरलेल्या अर्ध्यात निळा पडदा. मी तो फाइलला लावला. फाइल परत आली नाही.