इदवलची नवी सिस्टिम आणि बाबांचा सूर

"तीस वर्षं मेंढ्यांच्या प्रदर्शनात पंच म्हणून उभा राहिलोय मी! एडक्याच्या तोंडात बोट घालून वय सांगतो! मला एक ऑपरेटिंग सिस्टिम निवडता येणार नाही?"

इदवलने हे विचारलं बायकोला. मेन्ना लीकची पात चिरत होती. तिने सुरी जरा जोरात चालवली.

झालं होतं असं, की घरातल्या जुन्या लॅपटॉपला कंपनी अपडेट बंद करून वाऱ्यावर सोडणार होती. नवा घ्या म्हणे! इदवल पेटला. त्याने काडेपेटीएवढा कॉम्प्युटर पाहिला. "हा तर शिंकलो तरी उडेल!" डब्याएवढा पाहिला. "याला पडदा वेगळा, कळफलक वेगळा. म्हणजे घोडा स्वस्त आणि खोगीर महाग!" शेवटी ठरलं, कुडी जुनीच ठेवायची, आत्मा तेवढा बदलायचा. लिनक्स! फुकट, आणि वर आपल्या वेल्श भाषेत! गुरुवारी सकाळी त्याने पेनड्राइव्ह खोचला, दोनचार बटणं दाबली, आणि पडदा असा उजळला, जणू काकडआरतीचा गाभारा!

"मेन्ना, बघ! पाखरासारखा उडतोय!"

"छान. आता बाबांचं प्रवचन लावा बघू."

मेन्नाचे वडील बाला गावच्या खोऱ्यातले मोठे प्रवचनकार. रंगात आले की बोलणं कधी संपलं आणि गाणं कधी लागलं ते कळायचं नाही. बुवांनी निरूपण सोडून अभंगाला हात घालावा तसं! खडकालाही पाझर फुटावा. त्यांचं एकुलतं एक ध्वनिमुद्रण त्या लॅपटॉपमध्ये होतं, कारण मूळ कॅसेट केव्हाच बुरशीने खाल्लेली. रविवारी त्यांची शंभरावी जयंती, आणि चॅपेलमध्ये सगळ्यांना तेच ऐकवायचं होतं.

इदवलने एक फोल्डर उघडला. रिकामा. दुसरा उघडला. तोही धुतल्या तांदळासारखा!

"ऐकवतो की... जरा गरम होऊ दे."

"लॅपटॉप आहे की तवा?"

इदवल कोंबड्यांच्या खुराड्यामागे गेला आणि चॅपेलचा कारभारी हेफिन याला फोन लावला. त्याच्याकडे एखादी प्रत असली तर! "हेफिनदादा, सगळं गेलं! काही उरलं नाही! मेन्नाला अजून बोललो नाही. रविवारच्या आत देवच काही करील तर..." आणि फोन तुटला.

हेफिन ऐकायला कमी, सांगायला जास्त. दुपारपर्यंत दारात मटणाच्या सुपाची तीन पातेली आली! मागोमाग मनुकांचा केक आला. शवपेट्या करणारा सुतार तर "सहज इकडून चाललो होतो" म्हणत इदवलला टाळूपासून टाचेपर्यंत नजरेनेच मोजून गेला! मग मेन्नाची धाकटी बहीण अनवेन डोळे पुसत आत आली.

"भावोजी, डॉक्टरांनी किती दिवस सांगितलेत?"

मेन्नाच्या हातातला डाव खाली पडला. "अहो, कसले दिवस?"

मागून आलेल्या हेफिनने टोपी काढून प्रार्थनेला हात जोडले. आता मात्र इदवलला राहवेना.

"अहो, मी मरत नाहीये! मी... मी बाबांना पुसून टाकलं!"

मेन्ना रागावली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीत बसली आणि लहान मुलीसारखी म्हणाली, "बाबांचा आवाज?"

"रडणं मागाहून," अनवेन म्हणाली. "भावोजी, कुठलं बटण दाबलंत?"

"दोन होती. एकावर होतं 'लावा'."

"बरं, मग?"

"मग काय! आपल्या वेल्शमध्ये लावणं आणि भाड्याने देणं याला एकच शब्द, गावात 'भाड्याने देणे आहे'च्या प्रत्येक पाटीवर तोच. म्हटलं, कंपनीच्या कटकटीतून सुटायला निघालो, तर इथेही भाडं? मी नाही दाबलं! दुसरं दाबलं. 'वापरून बघा'."

अनवेन हसता हसता ओट्याला टेकली. "अहो दीडशहाणे! म्हणजे तुम्ही काही लावलंच नाहीत! ती नवी बया पेनड्राइव्हवरूनच पाहुणीसारखी घरभर मिरवतेय. रिकामे फोल्डर तिचे, जुन्याच्या केसालाही धक्का नाही!"

तिने लॅपटॉप बंद केला, पेनड्राइव्ह उपटला, पुन्हा चालू केला. तो कण्हला, घरघरला, आणि तोच जुना, मळका पडदा उगवला! इदवलला वाटलं, त्या पडद्याचा मुका घ्यावा.

मग बाबा बोलू लागले. हळू, समजुतीच्या सुरात. आवाज चढला, थरथरला, आणि पंख फुटावेत तसा गाण्यात शिरला. हेफिनने नकळत खर्ज लावला. मेन्नाचे डोळे वाहत होते आणि तिचा हात इदवलच्या खांद्यावर होता. देवा, तुझी लीला अगाध आहे. कुणाच्या अडाणीपणातूनही तू तारतोस!

प्रवचन संपलं तसा इदवल खाकरला. "तरी निवड माझी चुकली नव्हती हं! आता मी ती खरोखरच..."

"अनवेनला आधी प्रत काढू दे," मेन्ना पदरासारखा एप्रन डोळ्यांना लावत म्हणाली. "आणि तुम्हाला काही लावायचंच असेल तर पानं लावा. तीन पातेली सूप आहे! लॅपटॉपला हात लावाल तर याद राखा!"

इदवलने मुकाट्याने सगळ्यांची पानं लावली. तेवढं त्याला नक्की लावता येत होतं.