वीस रुमाल

मकदूमचं पत्र येऊन महिना होत आला होता आणि रावजींचं उत्तर अजून मायन्यावरच अडलं होतं. मोहोळच्या वाचनालयात मुलांसाठी नवी खोली झाली होती. 'उद्घाटन तूच करायचं, चार शब्द बोलायचे. येतोस की नाही, तेवढं कळव,' असं मकदूमनं लिहिलं होतं. तिथला ग्रंथपाल आणि शाळेपासूनचा मित्र; त्याला नाही म्हणवत नव्हतं. पण चारचौघांत बोलायचं मनात आलं की रावजी पेन खाली ठेवत.

भवानी पेठेतल्या वाचनालयात रावजी जुन्या पुस्तकांच्या नोंदी संगणकावर चढवत. नोंदी साठायच्या दूरच्या एका सर्व्हरवर. मोहोळ आणि श्रीपूरची वाचनालयंही त्यालाच जोडलेली होती. त्या सकाळी फोन वाजला.

"रावजी, तुझं चालू हाय का रे?" मकदूम विचारत होता. "हितं नुसतं 'जोडणी होत नाही' म्हणतंय. पोरं पुस्तकं घेऊन ताटकळलीत."

"माझं चालू आहे," रावजी अपराध्यासारखे म्हणाले. "तू एकदा राऊटर बंद करून चालू कर."

मकदूमनं तसं केलं. इकडे, आपलं तरी नीट चालतंय ना, या शंकेनं रावजींनी पडद्यावर नोंदीची आणखी एक खिडकी उघडली. ती लगेच उघडली. मोहोळचं मात्र ढिम्म.

"थोडं थांब," रावजी म्हणाले.

"थांबलोयच की. तुझ्या उत्तरासाठी बी थांबलोय. पुढच्या आठवड्यात पत्रिका छापायच्यात. तुझं नाव टाकू, का दुसरं कुणी बघू?"

"लिहितोय."

"आरं, तोंडानं सांग की."

"पत्राला पत्रानंच उत्तर द्यावं," असं म्हणून रावजींनी फोन ठेवला.

तेवढ्यात श्रीपूरच्या ग्रंथपाल कस्तुराबाईंचा फोन. त्यांचीही जोडणी बंद होती. वायरमननं पुस्तकांचं कपाट ओढून भिंतीतली वायर तपासली होती. आता कपाट जागेवर बसत नव्हतं आणि त्याच्या आड खोलीचं दार उघडत नव्हतं. वायरमन आतच होता. रावजींनी तिथंही राऊटरचा सल्ला दिला आणि पुन्हा शंका येऊन आणखी एक खिडकी उघडून पाहिली.

अखेर त्यांनी धीर करून पायलला फोन लावला. तिन्ही वाचनालयांचं संगणकाचं काम ती बघायची.

"काका, सर्व्हर ठणठणीत आहे," ती म्हणाली. "एका वेळी वीस जोडण्या घेतो. वीसही भरल्यात."

"कुणी भरल्या?"

"रावजी, रावजी, रावजी..." ती वाचत गेली. "काका, खिडक्या किती उघड्या ठेवल्यात?"

रावजींनी पडद्याच्या खालची पट्टी पाहिली आणि चष्मा काढून पुसला. एका नोंदीत लेखकाच्या जन्मसालाची शंका होती. एकीत पानं पुन्हा मोजायची होती. 'पक्कं करा' हे बटण दाबायला मन धजेना, म्हणून प्रत्येक नोंद अर्धी ठेवून ते पुढची उघडत आले होते. त्यांनी ते पायलला सांगितलं, आणि राऊटरचा सल्ला देऊन नव्या खिडक्या उघडल्याचंही.

"तरीच. एकेक खिडकी एकेक जोडणी धरते. तिकडं राऊटर बंद झाला की त्यांची अडकलेली जागा सुटायची, ती तुम्ही धरत होता. एस.टी.त रुमाल टाकून ठेवल्यासारखं झालं की, काका. गाडी भरलेली आणि बसलेलं कुणीच न्हाय."

"आता गं?"

"पक्कं करा आणि खिडकी बंद करा. चुकलं तर नंतर सुधारता येतंय."

"सुधारता येतं?"

"येतंय की. तुम्ही कधी विचारलंच न्हाय."

पहिल्यांदा रावजींनी डोळे मिटून बटण दाबलं. निम्म्या खिडक्या बंद होईतो बोट आपसूक चालू लागलं.

"झालं सुरू," मकदूमचा फोन आला. "कोण अडवून बसलं होतं रे?"

"मीच," रावजी म्हणाले.

पलीकडे मकदूम बराच वेळ हसत राहिला.

रावजींनी कोरं पोस्टकार्ड पुढ्यात ओढलं आणि बोट गरम आहे तोवर लिहून टाकलं : 'येतो. चार शब्द बोलेन.' पत्ता घातला, मायना राहूनच गेला. तसेच चपला घालून ते कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी गेले आणि कार्ड आत सोडलं.

सोडताक्षणी वाटलं, चार कशाला, दोन लिहायला हवं होतं. त्यांनी फटीत बोटं घालून चाचपलं. कार्ड तळाला गेलं होतं.

"नंतर सुधारता येतंय," रावजी पेटीला म्हणाले, आणि वाचनालयाकडे वळले.