परबकाकांचं यील्ड

परबकाका चहाचा कप हातात घेतला की आधी आत डोकावतात. कप केवढा आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं, आत चहा किती आहे ते बघायचं असतं. "भाव नको सांगू गो, हातात काय पडता ता सांग!" हे त्यांचं ब्रीद. कांदिवलीत आमच्या समोरच्याच दारात ते एकटे राहतात. पालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त झाले, मग काकू गेल्या, आणि त्यानंतर त्यांना ईटीएफचं वेड लागलं.

ईटीएफ म्हणजे पुष्कळ कंपन्यांच्या शेअरांची एक टोपली, आणि ती बाजारात एखाद्या शेअरसारखीच विकत मिळते, हे त्यांनी मला जिन्यात, लिफ्टमध्ये आणि एकदा तर माझ्या सासूबाईंच्या तेराव्याला समजावलं. टोपलीचा भाव चढला की लोक नाचतात. काका विचारतात, डिव्हिडंड, म्हणजे नफ्यातला वाटा, किती दिला? आणि यंदाच दिला की दरवर्षी देतो? "इतिहास बघूक व्हयो!"

माझ्या भाचीला बघायला आलेल्या मुलाने पगार सांगितला, तर हे मध्येच म्हणाले, "पगार ऱ्हवांदे. आईक साडी कधी घेतलंस?" मुलगा गोरामोरा झाला. पुढच्याच आठवड्यात त्याने आईला पैठणी घेतली आणि काकांना फोटो पाठवला. काकांनी तो चष्मा लावून पाहिला. "एकदा दिला, तेका इतिहास म्हणूचा नाय."

मीही एकदा शेफारून त्यांना एक फंड दाखवला होता. वर्षभरात त्याचं यील्ड दुप्पट झालं होतं. काकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. शंभराच्या टोपलीने वर्षाला पाच रुपये दिले, तर यील्ड पाच टक्के. टोपली पन्नासावर घसरली, तर तेच पाच रुपये दहा टक्के दिसतात. कुणी जास्तीचं काही दिलेलं नसतं, भाव पडलेला असतो. "यील्ड अचानक वाढला तर हसायचा नाय. आधी भाव बघायचो."

त्यांचा मुलगा, त्यांच्या मालवणीत 'झील', महेश बंगळुरूला, कॉम्प्युटरच्या कंपनीत. दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. "बरे आहात ना?" "आसंय." झालं, संपलं. एकुलत्या एका बापाशी एवढंच बोलायचं? मला फार राग यायचा. काकांना नाही. "थोडा देता, पण खाडो नाय," म्हणायचे.

यंदा दिवाळीनंतर महेशचे रोज फोन येऊ लागले, तेही अर्धा अर्धा तास. जेवलात का, गुडघा कसा आहे, आई बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं किती घालायची. आमचा अख्खा मजला खूश झाला. मी चहा घेऊन समोर गेले आणि म्हटलं, "काका, लॉटरी लागली की हो तुम्हाला!"

काका खुर्चीत मान खाली घालून बसले होते. "यील्ड वाढला गो," ते म्हणाले. "माझ्या झिलाचो भाव पडलो."

मला आधी हसूच आलं. माणसांना का कुठे असलं गणित लागू पडतं? तसं मी बोललेही. पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी सरळ नंबर लावला. कमी ऐकू येतं म्हणून त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर असतो.

"महेशा, नोकरी गेली मां रे?"

पलीकडे महेश रडायलाच लागला. नोकरी जाऊन दोन महिने होत आले होते. सांगायची लाज वाटत होती आणि बाबांचा आवाज ऐकल्याशिवाय राहवतही नव्हतं.

"बाबा, घरी येऊ का थोडे दिवस? पण यावेळी रिकाम्या हाताने येईन."

काका खेकसलेच त्याच्यावर. "हातात काय आसा ता कोण विचारता तुका? तू ये!"

फोन ठेवला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते, माझेही. मी निवत चाललेला कप पुढे केला. काकांनी तो घेतला आणि आत न बघताच तोंडाला लावला.