सागाच्या मोजणीचे वतन

जे काम एका आयुष्यात संपत नाही, ते वऱ्हाडात कोणी अंगावर घेत नाही; त्याचे वतन होते.

तिकडे अमेरिकेत भाऊ भावाशी लढत होते, म्हणून इकडे कापसाला सोन्याचा भाव आला होता (भाऊबंदकीत तिसऱ्याचे भले होते, हे शास्त्र जुनेच आहे). रेल्वे बडनेऱ्याकडे सरकत होती आणि रुळांखाली घालायला साग हवा होता. डोंगर भराभर बोडके होऊ लागले, तेव्हा जंगल खात्याच्या एका साहेबाला काळजी वाटली. त्याने अंजनगाव सुर्जीच्या वरच्या अंगाला सागाचा एक पट्टा राखला आणि हुकूम काढला: ऐंशी वर्षे दर दिवाळीला झाडांचा घेर मोजावा, जेवढी वाढ तेवढीच तोड करावी, आणि हे संशोधन पिढ्यानपिढ्या चालावे. मग साहेब दीर्घ रजेवर विलायतेला गेला. दीर्घ संशोधनाची सुरुवात अशीच व्हायला हवी.

मोजणी जानराव पाटलाकडे आली. पिढ्यानपिढ्या म्हटले की वतन, आणि वतन म्हटले की भावाचा वाटा. धाकट्या खुशालरावाने पंच बसवले. पंचांनी निम्मी झाडे याला, निम्मी त्याला दिली (फक्त मोजण्यापुरती, पण आपल्याकडे ज्याने मोजले त्याचे झाले).

पुढच्या दिवाळीला पेच पडला. जानरावाची झाडे जास्त जाड भरली. पंचांनी न्याय केला, की जाड झाडे तोडून दोन्ही वाटे सारखे करावेत. मग खुशालरावाची झाडे जाड ठरली. तीही तोडली. वाढ तेवढी तोड, हुकूम तंतोतंत पाळला जात होता. लाकूड अमरावतीला गेले, अकोल्याला गेले, आणि कापसाच्या पैशातून उठलेल्या नव्या घरांच्या चौकटी झाले.

डोंगराखाली पार्बताबाईचा पानमळा होता. पट्ट्यातून निघणाऱ्या झऱ्यावर मळा जगत होता आणि नवऱ्यामागे ती मळ्यावर. झरा आटू लागला तशी ती पंचांपुढे आली.

"पाटील, झाडं मोजून राहिले का तोडून राहिले तुमी? माह्या मळ्याले पानी पुरून नाई राहिलं."

"बाई, आमी एक काडी खाल्ली नाई," जानराव म्हणाला. "वाटनी बराबर करून राहिलो."

"झाली का मंग?"

"होत आली."

पंचांनी तिची तक्रार रीतसर ऐकून घेतली आणि ऐंशी वर्षांनी निघणाऱ्या अहवालात तिचा विचार होईल, असे आश्वासन दिले.

"तवापर्यंत वेलींले काय सांगू?" तिने विचारले.

सगळ्यांच्या तोंडात तिच्याच मळ्याचे पान होते.

साहेब परतला तेव्हा वाटणी पूर्ण झाली होती. जानरावाच्या बाजूला एकही झाड नव्हते, खुशालरावाच्याही नव्हते. दोघे भाऊ एका खुंटावर बसून एकच चिलीम ओढत होते. वऱ्हाडात कोर्टाची पायरी न चढता पार पडलेली अशी समसमान वाटणी मी दुसरी पाहिली नाही. पानमळा वाळला. पार्बताबाईने तिथे कापूस पेरला, त्याच वर्षी अमेरिकेतले भाऊ समेटाला आले आणि भाव कोसळला. मला त्या बाईचे फार वाईट वाटते.

तुम्ही जानरावाला हसलात, बरे केलेत. आता एवढेच कळवा: तुमच्या आणि तुमच्या भावाच्या वावरामधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक झाड होते, ते कोणाच्या वाट्याला आले? अहवालात तेवढी जागा अजून कोरी आहे.