गुलाल लागलेली पंचवीस पुस्तकं

हवालदार हरिबांनी पोचपावतीवर सही केली तेव्हा पंचवीसच्या पंचवीस पुस्तकं कोरी करकरीत होती. अर्ध्या तासानं ती गुलाबी झाली. या अर्ध्या तासात हरिबांचा दोष एवढाच, की पुस्तकांचं खोकं त्यांनी सरपंचासमोर उघडलं.

पुस्तकं सांगलीहून, विश्रामबागच्या संयोगिताताईंकडून आली होती. लहान मुलांसाठी आणि चौदा-पंधरा वर्षांच्या पोरापोरींसाठी लिहिलेली, बक्षीस मिळालेली पुस्तकं निवडायची आणि गावोगाव पाठवायची, हे या बाईंचं काम. पैसे मागत नसत. अटी मात्र दोन होत्या. पुस्तकं सुस्थितीत ठेवायची, आणि महिन्याभरानं त्या येतील तेव्हा दुसऱ्या गावांना यातली कुठली पुस्तकं सुचवायची ते मुलांनी स्वतः सांगायचं. मुलांनी वाचली असतील तर पुस्तकं गावाची, शिवाय नवं खोकं. नसतील तर आहे ते खोकं पुढच्या गावाला.

हरिबा सांभाळत असलेल्या हिवरमाळच्या वाचनालयात आजवर मुलांसाठी म्हणून एकही पुस्तक नव्हतं. हरिबांची नात प्रांजल नववीत होती आणि पुडक्याचा कागदसुद्धा वाचून मग टाकत असे. तिनंच ताईंना पत्र लिहून हे खोकं मागवलं होतं. त्यामुळे हरिबांना ते हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. पण चोवीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाच्या डोक्यात दोन अटींपैकी पहिलीच पक्की बसली.

सरपंच रविराजनं खोक्यातला कागद वाचला आणि त्याचे डोळे मोठे झाले.

"हवालदार, ही समदी बक्षीस मारलेली हायती?"

"समदी. कुणी राज्याचं, कुणी देशाचं."

"आन् तुमी ती गुपचूप कपाटात ठेवणार? गावाची अब्रू काय ऱ्हाईल?"

त्याचंही बरोबर होतं. हिवरमाळात बक्षीस मिळवलेला कुणी मुकाट्यानं वेशीतून आत आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. गेल्या साली मेंढपाळ धुळाच्या मेंढ्यानं प्रदर्शनात पहिला नंबर काढला, तेव्हा स्टँडपासून देवळापर्यंत दोन तास मिरवणूक चालली होती. मेंढा एवढा गुलाबी झाला, की आठ दिवस त्याच्याच कळपानं त्याला जवळ येऊ दिलं नाही.

"आरं, ही पुस्तकं हायती, मेंढा न्हाई!" हरिबा ओरडले.

"मेंढ्याला मान आन् पुस्तकाला न्हाई? मग पोरांनी शिकायचं तरी कशापायी?"

हरिबांना उत्तर सुचेपर्यंत ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत टेबल, टेबलावर चादर, चादरीवर पंचवीस पुस्तकं उभी. हलगी कडाडली. धुळा मेंढ्यासकट पुढं नाचत होता. गुलालाची पहिली मूठ रविराजनं उधळली, दुसरी कुणी उधळली ते दिसलं नाही, कारण त्यानंतर काहीच दिसत नव्हतं. एक मात्र सांगायला हवं. गावानं पुस्तकांसाठी एवढा जीव टाकून नाचावं, हे दृश्य रोज बघायला मिळत नाही. हरिबांनाही आतून भरून आलं होतं. पण सही त्यांची होती.

मिरवणूक संपल्यावर ते पुस्तकं घरी नेऊन पुसायला बसले. कोरडं फडकं मारलं तसा वरचा गुलाल पानांच्या कडांमध्ये शिरला. मग त्यांनी फडकं ओलं केलं.

"आवं, ओलं नगा लावू," सुलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"मी फौजेत रायफली पुसल्यात."

ओलं फडकं लागलं आणि जो रंग झटकून गेला असता तो मुखपृष्ठांवर कायमचा बसला. सुलाबाईंनी बाहेर येऊन पुस्तकांकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं.

"आमच्या साताऱ्याकडं पुस्तकं वाचत्यात," त्या म्हणाल्या, "पुसत न्हाईत."

हरिबांनी रातोरात नव्हे, अगदी भर दुपारी निर्णय घेतला. पंचवीस पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरं घातली. वाचनालयात कुस्तीच्या आणि कबड्डीच्या ढाली ठेवायचं काचेचं कपाट होतं, त्यात ती रांगेनं उभी केली, कुलूप लावलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. जे झालं ते झालं, यापुढं एक डाग वाढता कामा नये.

"आबा, एक तरी द्या की," प्रांजल म्हणाली.

"म्हैनाभर नुसतं बघायचं."

"खाकी कागद बघून काय कळतंय?"

"ढाल बघून कळतंय न्हवं? तसंच."

प्रांजल कपाटाच्या मागं डोकावून निघून गेली. ही पोर गप्प बसली की काहीतरी शिजतंय, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त हरिबांना नव्हतं.

आठ दिवसांनी त्यांनी मोजणी केली. चोवीस भरली. दुसऱ्या दिवशी पंचवीस, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी एकवीस. कुलूप जसंच्या तसं. कपाट भिंतीपासून थोडं पुढं होतं आणि त्याच्या पाठीची फळी नुसती टेकवून ठेवलेली होती, हे त्यांना माहीत नव्हतं. चोर रंगेहाथ पकडायचाच असं ठरवून त्यांनी कपाटासमोर खुर्ची टाकली आणि रोज दुपारी पहाऱ्याला बसू लागले.

पहिल्या दुपारी ते ताठ बसले. दुसऱ्या दुपारी पेंगले. तिसऱ्या दुपारी, नुकसान किती झालंय ते तपासावं म्हणून त्यांनी सगळ्यात जाड पुस्तक बाहेर काढलं. मोठ्या मुलांसाठीची कादंबरी होती. बाप सीमेवर, आणि घरी पंधरा वर्षांची मुलगी त्याला रोज पत्र लिहिते. लिहिते, पण पेटीत टाकत नाही, पत्र्याच्या डब्यात साठवते. हरिबांनी अंगठा जिभेला लावला आणि पान उलटलं. मग पुढचं उलटलं. एकशे बाराव्या पानावर बाप रजेवर येतो आणि त्याला तो डबा सापडतो. तिथं हरिबांना चष्मा काढावा लागला. तेवढ्या वेळात त्यांच्या पाठीमागून तीन पुस्तकं कपाटाबाहेर गेली आणि दोन आत आली.

संध्याकाळी त्यांनी कुपवाडला कारखान्यात काम करणाऱ्या मुलाला, राजवर्धनला, फोन लावला.

"तू ल्हान असताना मला पत्रं लिवायचास का रं?"

"आबा, तब्येत बरी हाय न्हवं?"

"ईचारतोय त्याचं उत्तर दे."

"लिवायचो की. आई टाकू द्यायची न्हाई. तुमचा तिकडं जीव लागणार न्हाई म्हणायची."

हरिबांनी फोन ठेवला. चाळीस वर्षांत जे कुणी सांगितलं नव्हतं ते एका पुस्तकानं विचारायला लावलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून धरलं. त्या आठवड्यात सुलाबाईंना मात्र वेगळीच शंका आली. नवरा पान खाऊ लागला असावा, कारण त्याची जीभ लाल दिसत होती.

महिना भरला. संयोगिताताई आल्या. वाचनालयात तीस मुलं ओळीनं बसली, रविराज आणि धुळा दारात उभे राहिले.

"तर मग," ताईंनी हसून विचारलं, "कुठलं पुस्तक आवडलं?"

मुलांनी हरिबांकडं पाहिलं. प्रांजल आढ्याकडं बघू लागली. वाचलं म्हणावं तर चोरी उघड होते, नाही म्हणावं तर पुस्तकं जातात.

हरिबा मोजणीतला घोळ गिळून अभिमानानं पुढं झाले. "म्याडम, महिनाभरात एकाबी पुस्तकाला कुणाचं बोट लागू दिलेलं न्हाई!"

ताईंचं हसू मावळलं. "एकाही मुलाचं नाही?"

"एकाचंबी न्हाई."

"मग आजोबा, मला हे खोकं परत न्यावं लागेल. पुढच्या गावची शाळा वाट बघतेय."

दुसरी अट हरिबांना आत्ता कुठं आठवली. प्रांजलचे डोळे भरले होते. त्यांनी तोंड उघडलं, पण गुलालापासून सुरुवात करावी, फडक्यापासून करावी की चोरीपासून, हेच त्यांना कळेना.

ताईंनी एक पुस्तक हातात घेतलं. पातळ, चित्रांचं. चष्मा लागलेल्या शेळीची गोष्ट. खाकी कव्हर सैल होऊन निसटलं आणि आतून गुलाबी पुस्तक निघालं. ताईंनी ते उघडलं. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात चिमुकल्या अंगठ्याचा गुलाबी ठसा होता. एकावर एक, सात-आठ वेगवेगळ्या अंगठ्यांचे, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत.

त्यांनी दुसरं उघडलं. तेही तसंच. तिसरं ग्रहताऱ्यांचं होतं. त्यातले ठसे चाळिसाव्या पानावर थांबले होते.

"इथं काय झालं?"

"लय गणित हाय त्यात!" पाचवीतला शंभूराज बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

मग बांध फुटला. शेळीचं पुस्तक पयल्यांदा द्या. पुराचं रडवतंय, पर चांगलं हाय. कुस्ती हरणाऱ्या पोरीचं समद्या पोरांनी वाचाय पायजे. ताई वहीत लिहीत होत्या आणि त्यांचा हात पुरत नव्हता. बक्षीस देणाऱ्या मोठमोठ्या माणसांनी बहुधा एवढं भांडून पुस्तकं निवडली नसतील.

शेवटी जाड कादंबरी हातात आली. तिच्यात लहान ठशांशेजारी एक भलामोठा ठसा होता, प्रत्येक पानावर, आणि एकशे बारावं पान भिजून सुकलेलं होतं.

"आणि हा अंगठा कुणाचा?"

प्रांजल हळूच म्हणाली, "आबा, जीभ दावा."

हरिबांनी तोंड घट्ट मिटलं. पण पांढऱ्या मिशीचं डावं टोक गुलाबी होतं, ते काही मिटता येईना.

"आगं बया," सुलाबाई दारातून म्हणाल्या, "आन् मी उगंच पानपट्टीवाल्याला शिव्या दिल्या."

सगळं वाचनालय हसलं. ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "आजोबा, हे तुम्ही कुणाला सुचवाल?"

हरिबा सावधान उभे राहिले. "पंधरा-सोळाच्या पोरींना. आन् त्यांच्या बापास्नी." मग त्यांनी दुरुस्ती केली, "बापास्नी आदी."

ताईंनी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. मग पोचपावती काढली आणि सुस्थितीची अट स्वतःच्या पेनानं खोडली.

पंधरा दिवसांनी नवं खोकं आलं. रविराज हलगी घेऊन तयारच होता, पण हरिबांनी त्याला वेशीतच अडवलं. "तिकडचं बक्षीस मिळालंय. आपल्या पोरांचं अजून मिळायचं हाय." मग ते स्वतः दुकानात गेले आणि गुलालाची पुडी मागितली.

"कोण जिंकलं, हवालदार?" दुकानदारानं विचारलं.

"आजून कोण न्हाई. वाचून झालं की सांगतो."

त्यांनी कपाटाचं कुलूप काढून टाकलं आणि फळीवर गुलालाची वाटी ठेवली. वर खडूनं ऑर्डर लिहिली : अंगठा बुडवल्याशिवाय पुस्तकाला हात लावू नये. मुलांची रांग लागली. रांगेत सगळ्यात पुढं हरिबा होते.