हात जोडलेला पैलवान

नेमगोंडा पाटलांनी फक्त एवढंच ठरवलं होतं, की किड्यांच्या कुस्तीला निवेदन द्यायचं. (घराची शांती कुणी ठरवून घालवत नाही. ती अशीच बसल्या बसल्या जाते.)

झालं ते असं. त्यांची लेक रुचिता ऑफिसला जायच्या आधी चहा पिता पिता मोबाइल बघत होती. काचेच्या पेटीत दोन काळे भुंगे शिंगाला शिंग लावून भिडले होते आणि ते म्हणे चाळीस लाख माणसांनी पाहिलं होतं. नेमगोंडांनी चष्मा पुसून सगळी लढत बघितली. शेवटी एक भुंगा उताणा पडला, मागं कसलंतरी ढॅणढॅण वाजलं आणि संपलं.

"निवेदन कुठाय?" त्यांनी विचारलं.

"आप्पा, किड्यांच्या मारामारीला कसलं निवेदन?"

ते वाक्य त्यांच्या जिव्हारी लागलं. पोटापाण्याला ते शाहूपुरीतल्या एका संस्थेत कारकून होते, पण खरे जगले ते माईकपुढं. तीस वर्षं कुरुंदवाडपासून राधानगरीपर्यंतची कुस्तीची मैदानं त्यांनी गाजवली. पैलवानाचं गाव, त्याचा वस्ताद, त्याच्या आज्याचं नाव, सगळं तोंडपाठ. मग मैदानावर शेरोशायरी करणारी नवी पोरं आली. गेल्या साली कुरुंदवाडच्या मैदानाचे संयोजक विजयसिंह यांनी त्यांना बोलावलं, फेटा बांधला आणि दिवसभरात दोनच गोष्टी पुकारायला दिल्या. वाटेत लावलेली पांढरी गाडी काढा आणि सापडलेली चप्पल घेऊन जा. (चप्पल न्यायला कुणी आलं नाही. म्हणजे तेवढंसुद्धा कुणी ऐकलं नव्हतं.)

त्या दिवसापासून नेमगोंडा घरात बसले ते बसलेच. बायको त्रिशला मुळात कमी बोलणारी. लेक दिवसभर बाहेर. मैदानाला पुरणारा आवाज दोन खोल्यांत कोंडला की माणूस खंगत जातो, तसे ते खंगत चालले होते. आपल्याला पुन्हा एकदा कुणीतरी ऐकावं, यापलीकडं त्यांना आयुष्यात काही नको होतं.

मल्लांची वाण नव्हती. हे जैनाचं घर. चौतीस वर्षांत इथं एक झुरळ मारलं गेलं नव्हतं. किडा दिसला की त्रिशलाबाई त्याच्यावर स्टीलची वाटी पालथी घालायच्या, खालून कुणाच्यातरी लग्नाची जुनी पत्रिका सरकवायच्या आणि परसातल्या मोगऱ्याखाली नेऊन त्याला सोडायच्या. शाहूपुरीतल्या किड्यांत ही बातमी फुटली असावी, कारण शेजाऱ्यांपेक्षा यांच्याकडं वर्दळ कायम जास्त.

राहता राहिला हिंसेचा प्रश्न. त्यावर नेमगोंडांनी विचार केला आणि स्वतःला सोयीचं वाटेल तिथं तो थांबवला. कुस्ती म्हणजे हिंसा नव्हे. पडलेला उठतो, हात मिळवतो, घरी जातो. शिवाय झोंबाझोंबी वाढली की मध्ये पत्रिका सरकवायची आणि दोघांना सोडवायचं. एका हातात फोन, एका हातात पत्रिका, असा नियम केला. फोन रुचिताचा जुना, सिम नसलेला. त्याच्या बुडाला बारीक भोकं होती. त्यातून एखादी मुंगी आत शिरली आणि भाजून मेली तर पाप कुणाला, म्हणून ती भोकं त्यांनी मेणबत्तीच्या मेणानं नीट बुजवून घेतली. जीवदया अर्धवट करून चालत नाही.

आखाडा म्हणजे परात, त्यात लाल माती. पहिली लढत शेणकिडा विरुद्ध काळा भुंगा. चाळीस मिनिटं दोघंही जागचे हलले नाहीत. नेमगोंडांनी दोघांची घराणी सांगितली, "दोन्ही मल्ल एकमेकांचा अंदाज घेत आहेत" हे वीसेक वेळा सांगितलं आणि शेवटी स्वतःचा घसा बसल्यामुळं कुस्ती बरोबरीत सोडवली. दुसऱ्या लढतीत भुंगा उडाला आणि ट्यूबलाइटवर जाऊन बसला. इंटरनेटवर टाकलेला व्हिडिओ अकरा वेळा बघितला गेला. त्यातल्या नऊ वेळा बघणारे नेमगोंडाच होते, रात्री सगळे झोपल्यावर आवाज बंद ठेवून. उरलेल्या दोघांपैकी एकानं खाली लिहिलं, 'काका, ते झोपल्यात.' दुसऱ्यानं लिहिलं, 'काका, आवाज न्हाय.'

ही दुसरी ओळ वाचून त्यांचे डोळे भरून आले. असा आवाज कुठं न्हाय, असंच त्या पोराला म्हणायचं असणार, असं त्यांनी धरलं. त्यांनी ती त्रिशलाबाईंना दोनदा वाचून दाखवली. त्या हरभरे निवडत होत्या. त्यांनी मान हलवली.

भाद्रपदात जैनांचं दहा दिवसांचं, रोज एका गुणाचं दशलक्षण पर्व लागलं. त्रिशलाबाईंनी दहा दिवस एकवेळचं जेवण आणि मौन धरलं. बाहेर गणपतीचे कर्णे आणि घरात भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक. पर्वात कुस्ती बंद, असं नेमगोंडांनीही ठरवलं होतं. पण सहाव्या दिवशी, म्हणजे नेमका उत्तम संयमाचा दिवस, सकाळी मोगऱ्यावर त्यांना तो किडा दिसला. हिरवागार, काटकुळा, उपवासानं वाळल्यासारखा. पुढचे दोन पाय जोडून स्तब्ध उभा. नेमगोंडांनी वाकून बघितलं, तर त्यानं मान वळवून त्यांच्याकडं बघितलं.

त्यांना भरून आलं. हात जोडलेला प्राणी, हा आपल्यातलाच. याच्याकडून कुणाला इजा व्हायची नाही. समोर एक लहानसा रातकिडा सोडला, तर दोघं एकमेकांना नमस्कार करून बाजूला होतील, असं ते धरून चालले. त्यांनी समाजाच्या ग्रुपवर लिहिलं, 'पर्वानिमित्त अहिंसक कुस्ती. थेट प्रक्षेपण. सर्वांनी लाभ घ्यावा.' त्रिशलाबाई बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात गेल्या होत्या. नेमगोंडांनी फोन हातात धरला आणि बटण दाबलं.

हात जोडलेल्या पैलवानाचा चपळपणा डोळ्याला दिसलाच नाही. रातकिडा परातीत होता, तो एकदम त्याच्या हातांत दिसला.

"कब्जा घेतला," नेमगोंडा गरजले. "मंडळी, कब्जा घेतला. मानेवर पकड. सुटंना. काय हाताची मिठी हाय बघा, राधानगरीच्या धरणाचा दरवाजा बसावा तशी बसलीया."

पैलवानानं मानेपासून खायला सुरुवात केली. सावकाश, पावसाळी कणीस खावं तसं. रातकिड्याचे पाय हलत होते. नेमगोंडांना ते दिसत होतं आणि कळतही होतं. पत्रिका त्यांच्या डाव्या हातात होती, बोटभर अंतरावर. पण गेल्या कित्येक वर्षांत आला नव्हता तो आवाज आज घशात आला होता, शब्द आपोआप येत होते, आणि ते थांबले नाहीत. त्यांच्या आयुष्यातलं ते सर्वांत चांगलं निवेदन झालं. ते संपलं तेव्हा परातीत एक पाय उरला होता.

त्यांनी मान वर केली. दारात पूजेची थाळी घेऊन त्रिशलाबाई उभ्या होत्या. मौन होतं. त्यांनी नवऱ्याच्या हातातली पत्रिका घेतली, तो पाय तिच्यावर अलगद उचलला आणि मोगऱ्याखाली नेऊन ठेवला.

पुढचे चार दिवस नेमगोंडांनी जे काढले ते वैऱ्यावर येऊ नयेत. बायको ताट वाढायची, पाणी द्यायची, आणि गप्प. मौन व्रताचं होतं की आपल्यावरच्या रागाचं, हे विचारायची सोय नव्हती. विचारलं तरी उत्तर मिळणार नव्हतं. बस्तीत लोक त्यांना बघून बाजूला सरकायचे. व्हिडिओ तेवढा सहा लाखांवर गेला. तो काढून टाकायचा कसा हे त्यांना माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर रुचिताला ते विचारणं त्यांनी रोज उद्यावर ढकललं. सहा लाख माणसांनी ऐकलं होतं. लाजेनं मान खाली जायची आणि त्याच मानेत कुठंतरी गुदगुल्या व्हायच्या, आणि या गुदगुल्यांची त्यांना अजून लाज वाटायची.

त्यात नवव्या दिवशी विजयसिंहांचा फोन आला. व्हिडिओ बघितला, यंदा कुरुंदवाडच्या मैदानाला तुम्ही पाहिजेच, म्हणाले. नेमगोंडांनी फोन ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन निवेदनाच्या सुरुवातीच्या दोन ओळी हळूच म्हणून बघितल्या.

क्षमावाणीचा दिवस उजाडला. या दिवशी लहानथोर एकमेकांपुढं हात जोडून वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतात. नेमगोंडा त्रिशलाबाईंपुढं बसले. हात जोडले, तर ते जोडलेले हात त्यांनाच बघवेनात. त्यांनी ते मांडीवर ठेवले.

"रातकिडा मेला, त्याची क्षमा मागतोच," ते म्हणाले. "पर खरी चूक ती न्हाय. पत्रिका हातात हुती. मला थांबवायचंच नव्हतं. बोलायला मिळत हुतं."

त्रिशलाबाईंनी दहा दिवसांनी तोंड उघडलं. "मी बी पयल्यापासनं दारात हुते. तोंडाचं मौन हुतं, हाताचं न्हवतं. पत्रिका मला बी सरकवता आली असती." त्यांनी निवडायच्या हरभऱ्यांचं सूप पुढ्यात ओढलं. "लई वर्सांनी तुमचा तसला आवाज ऐकला, म्हणून हुबी ऱ्हायले. मला बी क्षमा करा."

नेमगोंडांनी तीस वर्षं मैदानं गाजवली, पण असं कुणी म्हटलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतनं पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. मग त्यांनी रुचिताला हाक मारली. व्हिडिओ आज काढूनच टाकायचा, पण त्याआधी निवेदन एकदा ऐकव, कुरुंदवाडला उपयोगी पडेल.

रुचितानं व्हिडिओ लावला. आवाज वाढवला, अजून वाढवला. जुना फोन उलटा करून बघितला आणि टाचणीनं बुडाचं मेण टोकरून काढलं.

"आप्पा, ह्यात आवाजच न्हाय," ती म्हणाली. "कुठल्याच व्हिडिओत न्हाय. माईकच बुजवलाय की तुमी."

सहा लाखांतल्या कुणी एक अक्षर ऐकलं नव्हतं. ऐकणारी एकटीच होती आणि ती समोर हरभऱ्यांचं सूप घेऊन बसली होती. नेमगोंडांना 'काका, आवाज न्हाय' लिहिणारा तो पोरगा आठवला. त्यांनी विजयसिंहांना फोन लावला आणि मला मग कशाला बोलावलंय, असं विचारलं.

"शूटिंगला की," विजयसिंह म्हणाले. "तुमचा हात बघूनच म्हटलं, ह्यो माणूस पायजे. किडा मान खाया लागला, तरी तुमचा हात केसभर हालला न्हाय. फोन तुमचाच घिऊन या पाटील. आवाज न्हाय आला तर बरंच हाय, निवेदक हाय आमच्याकडं."